ब्रेकवरचा पाय

३ फेब्रुवारी

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. आत्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या कपाटात अशा गठ्ठाभर पडल्यात, छापून घेतल्या आणि वाटायच्या राहिल्या. त्यामुळे वर छापलेला वार चुकीचा आहे, तारीख बरोबर. आजच्या पानावर सुट्टीचा वार आहे आणि खाली सगळी दुकानं उघडी. मला आवडलं. माझंही साधारण असंच असतं.

काल आले. बाबांचा फोन आला तेव्हा मी एका रोपवाटिकेत कुंड्या उचलत होते. त्याआधी छापखान्यात होते, त्याआधी बोटीवरच्या खानावळीत बशा धूत होते. (तिथला स्वयंपाकी कांदा चिरताना शिट्टी वाजवायचा, म्हणजे डोळ्यांत पाणी येत नाही म्हणे. एकदा करून बघायचंय.) बाबा म्हणाले, "आत्याकडे जा. ती स्वतः म्हणाली, भिंगरीला पाठव."

भिंगरी म्हणजे मी. पायाला भिंगरी लागलीय म्हणून आत्यानेच ठेवलेलं नाव. आत्या बाबांची थोरली बहीण. चौऱ्याहत्तर वर्षांची, लग्न केलं नाही, आख्खा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात घालवला. मला वाटतं, मला माणसात आणायला बोलावलंय. शाळा अर्धवट सोडली तेव्हापासून घरात ज्याला त्याला मला कुठेतरी 'लावायचं' असतं.

आत्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर आत्या थांबते आणि गोष्ट सांगते. कठड्याला धरून उभी राहते, थोडा वेळ नुसती बघते, मग सुरू. काल तिच्या पहिल्या विद्यार्थ्याची गोष्ट सुरू झाली. तो दंतवैद्य होता. त्याने गाडी थेट तळ्यात घातली. पुढच्या वळणावर कळलं की गाडीच्या टपावर एक बदक येऊन बसलं.

"मग?" मी विचारलं.

"मग वर चल, चहा करायचाय."

माझ्या लहानपणी ही बाई शब्द मोजून द्यायची. आता बघा. वय झालं की माणूस बोलका होतो म्हणतात ते खरं असावं.

५ फेब्रुवारी

आज शिकवणी सुरू. गाडी मोठी मजेशीर आहे. चालवणाऱ्याकडे असतात तसे ब्रेक आणि क्लच शिक्षकाच्या बाजूलाही आहेत. मला वाटलं मी स्टिअरिंगला बसणार. आत्या म्हणाली, "तिकडे नाही. इकडे, माझ्या सीटवर."

"मग चालवणार कोण?"

"मी. तू ब्रेकवर पाय ठेवून बस. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. नजर माझ्यावर आणि रस्त्यावर, दोन्हीकडे. आधी थांबायला शीक, मग चालायला."

मागच्या सीटवर बेकरीवाले काका होते. हा आत्याचा एकुलता एक उरलेला विद्यार्थी. बाकीचे तिने पलीकडच्या स्कूलला देऊन टाकले, कंटाळा आला म्हणाली. काकांच्या अंगाला कायम पावाचा वास येतो. ते किती वेळा परीक्षेत नापास झालेत हे कुणी विचारत नाही. रस्त्यात कबुतर दिसलं तरी ते गाडी थांबवतात, आणि कबुतर उडून गेल्यावर दुसरं येतंय का बघतात.

काका म्हणाले, "मॅडम, मला नाही असं शिकवलंत."

"तुम्हाला थांबणं उपजतच येतं," आत्या म्हणाली. "तुम्हाला चालणं शिकवायचंय. हिचं उलट आहे."

झोंबलं थोडं. पण खोटंही नाही.

८ फेब्रुवारी

रोज बाजारात, पेट्रोलपंपावर, मैदानापर्यंत, आत्या चालवते आणि मी ब्रेकवर पाय ठेवून बसते. पोटरीला गोळे आलेत. मी म्हटलं, आत्या, ही शिक्षणाची कुठली पद्धत? म्हणाली, जुनी. मैदानावर पोचलं की जागा बदलतात. काका स्टिअरिंगला, आत्या तिच्या सीटवर, मी मागे. तिथे काका कासवासारखे फिरतात आणि आत्या खिडकीत कोपर टेकून बसते. हात छातीवर ठेवायची तिला सवय लागलीय, जणू राष्ट्रगीत चालू आहे.

गोष्टीत प्रगती: बदक टपावरून हलेना. दंतवैद्य आत्याला विचारतो, "मॅडम, हॉर्न वाजवू का?" एवढं सांगून पहिलं वळण संपलं. दुसऱ्या वळणावर म्हणाली, "थांब, आठवू दे." आणि आठवता आठवता जिन्यावरच बसली. मीही बसले. खालच्या बिऱ्हाडातून कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. जिन्यात बसायला छान गार वाटतं. तिला आठवलं नाहीच.

११ फेब्रुवारी

पास झाले!!

नीट लिहिते. मैदानावरून परत निघताना चाक पंक्चर निघालं. काका आधीच बसने गेले होते. मी म्हटलं मी बदलते, पण आत्या कुणाला पाना देईल तर शपथ. तिनेच नट सोडवले, तिनेच आवळले, शेवटचा तर अंगाचं वजन टाकून. हात पुसले आणि लगेच निघालो. उताराचा रस्ता, ज्याच्या तळाशी दुधाची गाडी उभी असते. आत्या काहीतरी बोलत होती, बोलता बोलता गप्प झाली. मी बघितलं तर डोळे मिटलेले, डोकं खिडकीला टेकलेलं आणि हात स्टिअरिंगवरून मांडीवर आलेले.

मी काय केलं ते मलाही कळलं नाही. पाय आपोआप गेले. ब्रेक, क्लच, आणि एका हाताने स्टिअरिंग धरलं. गाडी आचका देऊन थांबली. पुढे दुधाची गाडी, मध्ये वीतभर जागा. दूधवाला आत बसून केळं खात होता, त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आत्या लगेच जागची हलली नाही. मग डोळे उघडले. चेहरा पिठासारखा. आधी दुधाच्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे.

"आत्या, हे काय होतं?"

तिने चष्मा सरळ केला. मग म्हणाली, "परीक्षा."

"परीक्षा? अशी? आधी न सांगता?"

"सांगून घेतात ती परीक्षा कसली."

"मग? पास?"

"पास," ती म्हणाली, आणि माझ्या हातावर हात ठेवला. गार होता आणि ओला. हात पुसलेले असूनही ओला, हे मला जरा विचित्र वाटलं.

गाडी तिथेच कडेला लावायला लावली, मीच ढकलली, आणि घरी आम्ही बसने आलो. हाही धड्याचाच भाग असेल. म्हणाली, "बाबाला सांगू नकोस. तो म्हणेल, अशी कसली परीक्षा." पण मी आयुष्यात पहिल्यांदा कसल्या तरी परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झालेय, आणि सांगायचं नाही म्हणजे काय!

१६ फेब्रुवारी

आज सगळा घोळ झाला. कुठून सुरुवात करू तेच समजत नाही.

शिकवण्याचा परवाना चालू ठेवायला आत्याला दरवर्षी डॉक्टरचा दाखला लागतो. कोपऱ्यावरचे डॉक्टर नेहमी गप्पा मारत सही करतात म्हणे. यंदा त्यांनी छातीला नळी लावली आणि काढलीच नाही. इकडे लाव, तिकडे लाव, श्वास धर, मानेपाशी लाव. मग सही न करताच हृदयाच्या इस्पितळात पाठवलं. तिथे आत्याच्या छातीवर गार जेली लावून यंत्र फिरवलं. पडद्यावर करड्या रंगात काहीतरी फडफडत होतं. मला ते तळ्यातल्या माशाच्या तोंडासारखं दिसलं, पण मासा तोंड पुरतं उघडतच नव्हता.

तिथल्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या आहेत. बोलण्याआधी बोटं मोडतात, कडाकड. म्हणाल्या, हृदयातून सगळ्या अंगाला रक्त जातं त्या दारावर झडप असते, तिला तीन पाकळ्या. आत्याच्या पाकळ्यांवर चुन्यासारखा थर बसून त्या दगड झाल्यात. दार जेमतेम किलकिलं होतं आणि हृदय बिचारं मागून ढकलत राहतं.

मग प्रश्न सुरू झाले.

"दम लागतो?"

"छे."

"जिना चढताना?"

"तिसऱ्या मजल्यावर राहते मी. रोज चढते. विचारा हिला."

मी म्हटलं, "हो, गप्पा मारत मारत चढते."

"छातीत दुखतं?"

"नाही."

"कधी चक्कर, बेशुद्धी?"

"या जन्मात नाही," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर विश्वास दिसेना. मला राग आला. माझी आत्या कशी ठणठणीत आहे हे सांगावं म्हणून मी म्हणाले, "अहो, उलट ती इतकी तरबेज आहे की परवा चालत्या गाडीत, उतारावर, डोळे मिटून आणि हात सोडून तिने माझी परीक्षा घेतली. गाडी मी थांबवली. पास झाले."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आत्या माझ्याकडे अशी पाहत होती की मला वाटलं, आता हिला खरंच काहीतरी होणार.

"ती परीक्षा नव्हती, बाई," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. अगदी हळू, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं.

बाहेर आल्यावर आत्या एवढंच बोलली, "चहाडखोर."

आणि मी बसस्टॉपच्या बाकावर बसून आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिले. म्हणजे तो ब्रेक मी खराखुरा लावला होता? म्हणजे इतके दिवस मी शिकत नव्हते, तर... तर काय करत होते? आणि तिला हे माहीत होतं? मग तिने गाडी चालवलीच का? आणि मला बोलावलं ते...

डोकं गरगरतंय. सगळ्यात जास्त मला वाईट कशाचं वाटतंय, तर पास झाले नाही याचं. किती मूर्ख.

१७ फेब्रुवारी

आत्या बोलत नाही. चहा स्वतःचा स्वतः करून पिते. गाडीची किल्ली मात्र काल इस्पितळातून आल्यावर तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि तिकडे पाठ करून बसली. दुपारी मी किल्ली डब्यात टाकली. तिने डब्याकडे पाहिलं.

मी शिट्टी वाजवत कांदा चिरला. डोळ्यांत पाणी आलंच.

२० फेब्रुवारी

आज पुन्हा इस्पितळ. मधल्या दिवसांत तपासण्या झाल्या. एका मोठ्या गोल यंत्रात घालून हृदयाची आणि मांडीतल्या रक्तवाहिन्यांची चित्रं काढली. हृदयाचं दुखणं आणि चित्रं मांडीची! मी विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, "रस्ता तिथून आहे."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घट्ट सुरळी केली आणि आपल्या डगल्याच्या बाहीत मनगटापाशी घातली. मग ढकलत ढकलत खांद्यापर्यंत नेली आणि गळ्यापाशी बाहेर काढून उघडली. फुलासारखा उघडला रुमाल. "मनगट म्हणजे मांडी. रुमाल म्हणजे नवी झडप, जाळीच्या चौकटीत शिवलेली. बारीक नळीतून दुमडून न्यायची आणि जागेवर गेल्यावर उघडायची. छाती उघडायची नाही. बहुधा पूर्ण भूलही लागणार नाही, गुंगी देऊ."

रुमालावर शाईचा डाग होता. मी पुढचं थोडा वेळ ऐकलंच नाही, तो डाग कसला असेल हेच बघत होते.

"ही झडप कशाची असते?" आत्याने विचारलं. चार दिवसांतलं तिचं पहिलं लांब वाक्य.

"गाईबैलांच्या हृदयाभोवती पातळ आवरण असतं, त्याची."

"बैलाची बघा. गाडीला जुंपायला बरी."

डॉक्टरीणबाई हसल्या. आत्या नाही हसली. "जोखीम?"

त्यांनी लपवलं नाही. रक्तस्राव होऊ शकतो, मेंदूला झटका येऊ शकतो, एखाद्याला नंतर पेसमेकर बसवावा लागतो. "बहुतेकांना यातलं काही होत नाही. पण तुम्ही त्या बहुतेकांत असाल हे मी लिहून देऊ शकत नाही."

"आणि नाही केलं तर?"

"चक्कर यायला लागली की ही झडप फार मुदत देत नाही."

"गाडी चालवता येईल?"

"आत्ता? मुळीच नाही. झडप बदलल्यावर महिनाभराने तपासू, मग सांगते."

त्या म्हणाल्या, मंगळवारी भरती करून घेऊ. आत्या म्हणाली, विचार करते. निघताना मी मागे रेंगाळले आणि विचारलं, पण छाती उघडून व्यवस्थित का नाही करत? त्या म्हणाल्या, वय आणि फुफ्फुसं पाहता यांची छाती उघडण्यात आता अर्थ नाही.

आता अर्थ नाही.

हे वाक्य मी आधी ऐकलंय. छापखान्यात एक जुनं यंत्र होतं. मिस्त्री आला, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "उघडण्यात आता अर्थ नाही." बाजूच्या भोकातून थोडं तेल सोडलं आणि गेला. थोड्याच दिवसांत ते यंत्र भंगारात गेलं. म्हणजे उघडत नाहीत याचा अर्थ मला कळतो. आत्याला नाही कळला. ती घरी येऊन चक्क माझ्यासाठीही चहा टाकत होती.

मी खाली जाऊन बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, आत्याला सोडलंय त्यांनी. मांडीतून काहीतरी तेलपाणी करतायत."

पलीकडे बाबा रडायला लागले. माझे बाबा! मी फोन ठेवून दिला.

२२ फेब्रुवारी

बसस्टँडवर बसून लिहितेय. पिशवी मांडीवर आहे. सकाळी बाबा येणार म्हणून निरोप होता, ते पोचायच्या आत निघाले. आत्याला सांगितलं, पाव आणते. मला ते बघायचं नाहीये. बोटीवर असताना एक म्हातारा खलाशी... नको.

चार बस गेल्या. एकीवर माझ्या जुन्या रोपवाटिकेच्या गावाचं नाव होतं. कंडक्टर म्हणाला, "चढतेस का?" मी म्हटलं, पुढच्या बसने. स्टँडवर एक माणूस गोळ्यांचं यंत्र दुरुस्त करतोय. नाणं टाकलं की गोळी येत नाही, थप्पड मारली की येते...

त्याच दिवशी, घरी

बेकरीवाले काका भेटले तिथे. मैदानावर सराव करायला निघाले होते, बसने, गाडीशिवाय. "नुसता चालून सराव करतो," म्हणाले, "वळणं पाठ होतात." माझी पिशवी बघून त्यांनी मला पाव दिला. सगळ्या प्रश्नांवर त्यांचं हेच औषध. मी सगळं सांगितलं. यंत्र, मिस्त्री, तेल, आता अर्थ नाही.

काका बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "पण सोडलंय, तर मंगळवारी भरती कशाला करणार म्हणतायत?"

"म्हणजे?"

"अगं, सोडलेल्या माणसाला घरी पाठवतात. इस्पितळात खाट कोण अडवेल? मोठं दार उघडण्यात अर्थ नाही म्हणजे मागच्या दाराने जाणार. जाणार तर आहेतच ना?"

माझ्या तोंडात पाव तसाच राहिला.

परत आले तर बाबा पोचलेले. अंगात ठेवणीतला काळा कोट, हातात फुलं, नाक लाल. दार आत्याने उघडलं होतं म्हणे, आणि त्यांना खालून वर न्याहाळून विचारलं होतं, "कुणाचं लग्न आहे?"

आता बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि आत्या फुलं बादलीत ठेवत होती.

"ताई, तू हो म्हण," बाबा म्हणाले. "चांगलं म्हणतायत ते."

"तुला काय कळतंय त्यातलं? तू तर मला पोचवायला आलास."

"हिने सांगितलं, सोडलंय म्हणून!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पिशवीकडे.

"पाव कुठाय?" आत्याने विचारलं.

"खाल्ला."

"पिशवीभर?"

मी पिशवी पाठीमागे घेतली. आत्या उठून माझ्यासमोर आली. "हे बघ. पळायचं असेल तर पळ. तुझे पाय, तुझा रस्ता. पण ब्रेकवरचा पाय असा न सांगता काढायचा नाही. आधी सांगायचं, मग काढायचा. एवढं तरी शिकलीस का माझ्याकडे?"

"तू मला कुठे सांगितलं होतंस की पाय कशाला ठेवलाय?" मी ओरडलेच. "तुला माहीत होतं ना? आधीही झालं होतं ना?"

बाबा कोटाची बटणं चाचपत होते. आत्या खिडकीशी गेली. खाली तिची गाडी दिसते, पलीकडच्या स्कूलवाल्यांनी उतारावरून आणून लावलेली, टपावर पाटी असलेली.

"एकदा," ती म्हणाली. "दिवाळखोरासारखी बसले होते मग घरात. सांगितलं असतं तर किल्ली गेली असती. किल्ली गेली की मी काय गं? तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी. म्हटलं, भिंगरीचे पाय चपळ आहेत." मग म्हणाली, "दुधाची गाडी दिसते मला. डोळे मिटले की तीच दिसते. रिकामी असती तर गोष्ट वेगळी. आत माणूस होता."

"केळं खात होता," मी म्हटलं.

"हो. केळं खात होता."

मग आत्या वळली. "मंगळवारी मी आडवी असेन. तेव्हा पाय कोण ठेवणार? बाबा तुझा रडेल नुसता."

"मी आहे."

"किती दिवस?"

खोटं सांगावंसं वाटलं. तोंडात आलंही होतं. "माहीत नाही," मी म्हणाले.

"हां. हे खरं बोललीस," आत्या म्हणाली. "चालेल. कळवा त्यांना."

मंगळवार (छापलाय सोमवार)

खूप गोंधळ आहे डोक्यात, पण हाताला काम हवं म्हणून लिहितेय.

आत्याला आत नेलं. नेताना चष्मा माझ्याकडे दिला. तिने चष्मा काढल्यावर ती कुणी दुसरीच दिसली. बाबा भिंतीवरची सूचना पुन्हा पुन्हा वाचतायत, 'शांतता राखा', जणू त्यात पुढे काहीतरी येणार आहे. काका पाव घेऊन आलेत.

मला समजत नाही की मांडीतल्या भोकातून गेलेला माणूस, म्हणजे तार, हृदयाशी पोचल्यावर वळते कशी. वळणावर कोण सांगतं? आणि झडप उघडताना रक्त कुठे थांबतं? रक्ताला म्हणायचं काय, जरा पुढच्या बसने या? काका म्हणाले, "मी वळणावर नेहमी चुकतो." बाबा म्हणाले, "तुम्ही जरा गप्प बसाल का?" मग काका गप्प बसले आणि ते आणखी वाईट होतं.

माझा उजवा पाय मघापासून फरशीवर दाबलेला आहे. आत्ता लक्षात आलं. काढत नाही.

त्याच दिवशी

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आधी बोटं मोडली. तेवढ्यात बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठलाय.

"बसली," त्या म्हणाल्या. "छान उघडली."

आत जाऊ दिलं तेव्हा आत्या उताणी होती, पाय सरळ, हलवायचा नाही अशी ताकीद. गुंगीत होती, तरी बोलली. "मध्येच त्यांनी हृदय पळवलं गं. मला कळलं. गाडी न्यूट्रलला टाकून ॲक्सिलरेटर दाबतात ना, तसं. आवाज सगळा, पण गाडी हलत नाही. तेवढ्यात त्यांनी बसवली. मग पुन्हा गिअरमध्ये टाकलं."

"दुखलं?"

"मांडीत. आणि नळी लावणारा सारखा 'आजी' म्हणत होता, ते."

बाहेर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, जुनी झडप दाखवाल का? त्या म्हणाल्या, ती आतच आहे. नवी तिच्या आतच उघडते आणि जुनीला बाजूला भिंतीशी दाबून धरते.

हे काही मला पटलं नाही. मोडकी वस्तू काढायची नाही, तिच्यातच नवी बसवायची? मी आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबर आहे. इतकी वर्षं नोकरी केली तिने. कडेला उभी राहील. सगळेच काही तुझ्यासारखे पिशवी उचलत नाहीत."

म्हणजे बरी होतेय.

२ मार्च

घरी आणली. जिना चढू नको म्हणून बाबांनी आणि काकांनी तिला खुर्चीत बसवून वर नेलं. ती वरून दोघांना शिकवत होती: "डावीकडे घ्या. कठडा बघा. काका, कबुतर नाहीये, चला!" खालच्या बिऱ्हाडातले दार उघडून बघत होते. बाबा काळा कोट इथेच विसरून गेले.

९ मार्च

मोठी बातमी: काका पास! परीक्षा घेणाऱ्यासमोर खरोखरच रस्त्यात कबुतर आलं, काका थांबले, आणि बाजूच्या गल्लीतून एक मुलगी सायकलवरून भर्रकन समोरून गेली. थांबले नसते तर... परीक्षकाने तिथेच सही केली. काका म्हणतात, मुलगी मला दिसलीच नव्हती.

आज तपासणीला काकांनीच नेलं आणि आणलं. आत्या मागच्या सीटवर. मागे पेडल नसतात, तरी तिचा पाय सारखा दाबला जात होता. माझाही. मागे दोघी ब्रेक लावतोय आणि काका पुढे मुंगीच्या चालीने.

पण खरी गोष्ट वेगळीच, आणि ती मला काळजीत टाकणारी आहे. आज आत्या पहिल्यांदा आपल्या पायांनी जिना चढली. सावकाश, कठड्याला धरून. पहिल्या वळणावर मी सवयीने थांबले. आत्या थांबली नाही. मी म्हटलं, असेल. दुसऱ्या वळणावरही नाही. मी तिथेच उभी, वाट बघत. ती पार वरच्या पायरीवरून म्हणाली, "काय गं, दम लागला?"

"गोष्ट?" मी विचारलं.

"कसली गोष्ट?"

आजारपणात माणूस अबोल होतो म्हणतात. ही बरी होऊन अबोल झाली. मी उद्या इस्पितळात फोन करून विचारणार आहे, नव्या झडपेचा बोलण्यावर काही परिणाम होतो का.

१० मार्च

फोन केला. नर्स म्हणाली, "पूर्वी त्या फक्त जिन्यातच बोलायच्या का?" मी म्हटलं, हो, वळणावळणावर. ती म्हणाली, "मग परिणाम झालाय खरा," आणि हसत सुटली. यात हसण्यासारखं काय?

आत्याला सांगितलं तर तिने चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "ये, बैस," म्हणाली. "बदकाचं राहिलंय ना?"

आणि सांगितली. दंतवैद्य हॉर्न वाजवतो, बदक ढिम्म. पाणी सीटपर्यंत आलेलं. तो म्हणतो, मॅडम, ब्रेक दाबा. आणि आत्या म्हणते, माझ्याकडे ब्रेकच नाहीये! तेव्हा शिक्षकाच्या बाजूला नव्हताच. मग दोघं खिडकीतून बाहेर, कमरेइतक्या पाण्यातून काठावर, आणि बदक गाडीचं मालक झाल्यासारखं टपावर. दुसऱ्याच दिवशी आत्याने मिस्त्रीकडून दुसरा ब्रेक बसवून घेतला. "बदकाने बसवला म्हण," आत्या म्हणाली. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, मध्ये एकदाही न थांबता. मी हसून हसून आडवी झाले. मग अचानक मला जिना आठवला, आणि तिचं ते 'थांब, आठवू दे', आणि मी हसायची थांबले.

"आत्या," मी म्हटलं, "तुला शेवट माहीत होता."

"आपलीच गोष्ट आहे, माहीत नसायला काय झालं," ती म्हणाली आणि कप विसळायला गेली.

४ एप्रिल

किल्ली पुन्हा आत्याच्या हातात आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, म्हणाल्या, आधी थोडं थोडं शेजारी बसून, स्टिअरिंगचं पुढच्या खेपेला बघू. माझी पिशवी दाराशी आहे, पण ती अडगळीच्या कपड्यांनी भरलेली आहे; माझे कपडे तिच्यातून कधी काढले आठवत नाही. रोपवाटिकावाल्यांचा निरोप आहे. बघू. खरंच माहीत नाही.

मैदानापर्यंत काकांनी गाडी चालवली आणि उतरून कडेला उभे राहिले. मी नेहमीसारखी आत्याच्या सीटचं दार उघडायला गेले.

"तिकडे नाही," आत्या म्हणाली. "पलीकडे."

मी स्टिअरिंगला बसले. ती तिच्या जागी बसली, बूट जरा घासून पाय ब्रेकवर ठेवला आणि कोपर खिडकीत. हात छातीवर नव्हता.

"आत्या, मला थांबण्याशिवाय काही येत नाही."

"म्हणूनच. चल."

किल्ली फिरवली. क्लच सोडला. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली.

मी तिच्याकडे पाहिलं. डोळे उघडे होते, समोर.

"बघतेस काय?" ती म्हणाली. "बंद पडते. परत सुरू करायची."